लेह ते अगत्ती किती लांब? दोन आडबाजूच्या विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढायचा

लेहचा विमानतळ लडाखमध्ये ३,२५६ मीटर उंचीवर आहे. अगत्तीचा विमानतळ लक्षद्वीपच्या एका चिंचोळ्या बेटावर, समुद्रापासून जेमतेम चार मीटर वर. या दोघांना जोडणारी सर्वांत जवळची रेघ पृथ्वीवर ओढली तर ती चक्क पुण्यावरून जाते. लोहगाव विमानतळाच्या पश्चिमेला पंधराएक किलोमीटरवर, बालेवाडी-वाकडच्या डोक्यावरून. रेघेची लांबी सुमारे २,६४९ किलोमीटर. जेट विमानाला एवढं अंतर कापायला पावणेचार-चार तास पुरतात. तरीही सकाळी लेहला विमानात बसलेला माणूस त्याच दिवशी अगत्तीला उतरेल, याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

हे सगळे आकडे तुम्हाला घरी बसून काढता येतात. साइन-कोसाइनची बटणं असलेला फोनमधला कॅल्क्युलेटर आणि एक कागद एवढंच लागतं. पुण्याहून लडाख, अंदमान, लक्षद्वीप किंवा ईशान्येकडे पहिल्यांदाच निघालेल्यांसाठी आणि विमानांची नुकतीच गोडी लागलेल्या मुलांसाठी हे लिहिते आहे. 'किती लांब?' आणि 'किती वेळ?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आडबाजूच्या विमानतळांच्या बाबतीत तर ते फारच वेगळे होतात. म्हणून दोन्ही क्रमाने सोडवू.

पहिली पायरी: विमानतळ पक्का करा

शहराच्या नावावर विसंबू नका, विमानतळाचा कोड बघा. गोव्याला दोन विमानतळ आहेत, दाबोळी आणि मोपा. त्यांच्यात सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर अंतर आहे आणि रस्त्याने त्याहून बरंच जास्त. तिकीट एकाचं आणि हॉटेल दुसऱ्याच्या जवळ, असा घोळ सहज होऊ शकतो.

तिकिटावर तीन अक्षरी कोड असतो. पुण्याचा पीएनक्यू, लेहचा आयएक्सएल, अगत्तीचा एजीएक्स. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक चार अक्षरी कोड वापरतात. पुण्याचा व्हीएपीओ, लेहचा व्हीआयएलएच, अगत्तीचा व्हीओएटी. भारतातल्या या कोडमधलं दुसरं अक्षर विभाग सांगतं: ए म्हणजे पश्चिम, आय म्हणजे उत्तर, ई म्हणजे पूर्व आणि ओ म्हणजे दक्षिण. नकाशाच्या साइटवर शोधताना चार अक्षरी कोड टाकलेला बरा, नावांचा गोंधळ होत नाही.

कोड मिळाला की त्या विमानतळाचे अक्षांश-रेखांश उतरवून घ्या. भारतीय विमानतळांचे अधिकृत आकडे विमानतळ प्राधिकरणाच्या हवाई माहिती प्रकाशनात असतात. घरगुती हिशोबाला गुगल अर्थवर धावपट्टीच्या मध्यावर बोट ठेवून मिळालेले आकडेही चालतात. आपल्या तीन ठिकाणांचे आकडे असे:

लेह: उत्तर ३४.१३६, पूर्व ७७.५४६
अगत्ती: उत्तर १०.८२४, पूर्व ७२.१७६
लोहगाव: उत्तर १८.५८२, पूर्व ७३.९२०

इथे सांभाळायची एक गोष्ट आहे. बऱ्याच ठिकाणी हे आकडे अंश-मिनिटं-सेकंदांत दिलेले असतात. लेहचा अक्षांश ३४ अंश ८ मिनिटं ९ सेकंद असा दिसेल. तो ३४.०८ असा लिहायचा नाही, कारण अंशाची मिनिटं साठ असतात, शंभर नव्हेत. आठला साठने भागा, नऊला छत्तीसशेने भागा आणि दोन्ही भागाकार ३४ मध्ये मिळवा, म्हणजे ३४.१३६ येईल. रेखांशाच्या ७७ अंश ३२ मिनिटांना ७७.३२ धरलं, तर लेहचा विमानतळ वीसएक किलोमीटर पश्चिमेला सरकतो, म्हणजे सिंधूचं खोरं सोडून भलत्याच डोंगरावर जातो.

दुसरी पायरी: कागदावरचं ढोबळ अंतर

उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. हा आकडा पाठ करून टाका. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर. साठ मिनिटांचा एक अंश, म्हणून १११. विमानवाल्यांची सगळी मोजमापं सागरी मैलात आणि नॉटमध्ये (ताशी सागरी मैलात) का असतात, तेही यातून कळतं: नकाशावरच्या अंशांतून अंतर थेट वाचता येतं.

पूर्व-पश्चिम अंशाचं तसं नाही. विषुववृत्तावर तोही १११ किलोमीटरचा असतो, पण रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळजवळ येत जातात, तसा तो लहान होतो. १० अक्षांशावर १०९ किलोमीटर, २० वर १०४, ३० वर ९६, ३५ वर ९१. हे आकडे १११ ला त्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणून येतात.

आता लेह-अगत्ती. अक्षांशातला फरक २३.३१२. त्याला १११ ने गुणलं की २,५८८ किलोमीटर. रेखांशातला फरक ५.३७. दोन्ही अक्षांशांची सरासरी २२.४८, तिथे पूर्व-पश्चिम अंश १०२.६ किलोमीटरचा. म्हणजे ५५१ किलोमीटर. आता काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू हाती आल्या आणि तिसरी पायथागोरसने काढायची. २,५८८ चा वर्ग अधिक ५५१ चा वर्ग, त्या बेरजेचं वर्गमूळ: २,६४६ किलोमीटर.

अचूक उत्तर २,६४९ आहे. शाळेत शिकलेल्या गणिताने लडाख ते लक्षद्वीप हे अंतर तीन किलोमीटरच्या फरकाने मिळालं. भारतातल्या कुठल्याही दोन ठिकाणांसाठी ही रीत बिनधास्त वापरा. मुलांना अक्षांश-रेखांश शिकवायचे असतील तर याहून चांगला धडा मला माहीत नाही.

हीच रीत लोहगावला लावून बघा. पुणे-लेह १,७६४ किलोमीटर येतं, पुणे-अगत्ती ८८१. दोहोंची बेरीज २,६४५, म्हणजे लेह-अगत्तीच्या ढोबळ अंतराएवढीच. पुणे रेघेवर बसलंय याचा हा पुरावा. पुणे रेघेपासून लांब असतं तर ही बेरीज थेट अंतरापेक्षा ठळकपणे मोठी आली असती.

तिसरी पायरी: अचूक अंतर

पृथ्वी गोल आहे, म्हणून तिच्यावरची सर्वांत जवळची वाट म्हणजे बृहद्वृत्ताचा तुकडा. फुटबॉलवर दोन टिंबांमध्ये दोरा ताणून धरला की तो जसा बसतो, तशी ती वाट. सूत्र एका ओळीचं आहे: दोन अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, अधिक दोन अक्षांशांच्या कोसाइनचा आणि रेखांशातल्या फरकाच्या कोसाइनचा गुणाकार. जी संख्या येईल तिचा उलटा कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) काढला की पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन मिळतो. त्या कोनाला १११.२ ने गुणायचं.

लेह-अगत्तीसाठी पहिला गुणाकार ०.५६११६ गुणिले ०.१८७८०, म्हणजे ०.१०५३९. दुसरा ०.८२७७१ गुणिले ०.९८२२१ गुणिले ०.९९५६१, म्हणजे ०.८०९४१. बेरीज ०.९१४८०. उलटा कोसाइन २३.८२ अंश. गुणिले १११.२, म्हणजे २,६४९ किलोमीटर.

फोनवर करताना कॅल्क्युलेटर अंशांवर आहे ना, ते आधी बघा. एक्सेलमध्ये करत असाल तर एक्सेलला कोन रेडियनमध्ये (कोन मोजायच्या दुसऱ्या एककात) लागतात, तेव्हा आधी अंशांचे रेडियन करून घ्या आणि उलट्या कोसाइनचं उत्तर परत अंशांत आणा. उत्तर फारच लहान किंवा फारच मोठं असं काहीतरी विचित्र आलं तर बहुतेक वेळा चूक इथेच असते. पृथ्वी ध्रुवांकडे थोडी चपटी असल्यामुळे या उत्तरात फार तर अर्ध्या टक्क्याचा फरक राहतो, प्रवासाच्या हिशोबाला तो सोडून द्या. गणित नको असेल तर गुगल अर्थची मोजपट्टी किंवा ग्रेट सर्कल मॅपर ही साइट हेच काम करून देते. पण एकदा तरी हाताने करा, म्हणजे साइटने दिलेला आकडा बरोबर वाटतो की नाही हे तुमचं तुम्हाला ओळखता येईल.

दुसऱ्या पायरीतली ढोबळ रीत भारतात चालते, ध्रुवाजवळ मात्र सपशेल पडते. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं लाँगइयरब्येन (उत्तर ७८.२४६, पूर्व १५.४६६) आणि अलास्काचं उत्कियाग्विक, पूर्वीचं बॅरो (उत्तर ७१.२८५, पश्चिम १५६.७६६), ही जोडी घ्या. रेखांशातला फरक १७२ अंशांहून जास्त. ढोबळ रीतीने अंतर ५,०८० किलोमीटरच्या आसपास येतं, बृहद्वृत्ताने ३,३८०. सतराशे किलोमीटरचा फरक! कारण खरी वाट उत्तर ध्रुवाच्या अगदी जवळून जाते आणि ढोबळ हिशोब मात्र ध्रुवाला वळसा घालत राहतो. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवली तरी हीच फसगत होते. म्हणून दोन्हीपैकी एक जरी टोक साठ अक्षांशापलीकडे असेल, किंवा रेखांशातला फरक मोठा असेल, तर सरळ तिसऱ्या पायरीवर या. पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश उणे चिन्हाने लिहायचे, हेही लक्षात असू द्या.

चौथी पायरी: रेघ सोडा, वाट शोधा

इथपर्यंत भूगोल होता. यापुढे विमान, धावपट्टी आणि हवा यांचं राज्य सुरू होतं आणि नव्या माणसाचे अंदाज इथेच सर्वांत जास्त चुकतात. म्हणून या पायरीवर जरा जास्त थांबू या.

अगत्तीची धावपट्टी साधारण १,२०० मीटरची आहे. पूर्ण भरलेल्या एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ ला साधारण दोन किलोमीटर धावपट्टी हवी. म्हणून अगत्तीला सहसा पंख्यांचं एटीआर ७२ येतं, सत्तर-बहात्तर प्रवाशांचं. उतरताना दोन्ही बाजूंना समुद्र दिसतो आणि धावपट्टी बेटाच्या टोकापर्यंत गेलेली असते. लांबवायला जमीनच नाही.

लेहची अडचण उलटी आहे. तिथे धावपट्टी लांब आहे, पण हवा विरळ. समुद्रसपाटीच्या मानाने हवेचा दाब जवळजवळ दोन तृतीयांशच राहतो. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनांचा जोर उतरतो, म्हणून तिथून उडताना विमानाला वजन कमी ठेवावं लागतं. दुपारी ऊन चढलं की हवा आणखी विरळ होते आणि खोऱ्यात वारे सुटतात, म्हणून लेहची बहुतेक विमानं सकाळीच येऊन जातात. दिल्लीहून येणारं विमान शेवटची काही मिनिटं सिंधूच्या खोऱ्यात डोंगरांच्या मधून खाली येतं आणि स्पितुक गोम्पाची, म्हणजे बौद्ध मठाची, टेकडी धावपट्टीला अगदी लागून दिसते. खिडकीची जागा मिळाली तर सोडू नका.

म्हणजे लेहहून निघणारं जेट अगत्तीला उतरू शकत नाही. आणि अगत्तीला उतरणारं एटीआर भरल्या विमानाने चौदाशे-पंधराशे किलोमीटरच्या पलीकडे जात नाही, २,६४९ तर लांबच राहिले. या दोन टोकांमध्ये थेट विमान नाही त्याचं हे साधं कारण आहे, प्रवासी कमी असणं ही त्यानंतरची गोष्ट.

आडबाजूच्या कुठल्याही जोडीसाठी हाच प्रश्न आधी विचारा: दोन्ही टोकांना कोणतं विमान उतरतं? उत्तर वेगवेगळं असेल तर मध्ये किमान एकदा विमान बदलावं लागणार. मग प्रत्येक टोकाहून कुठल्या मोठ्या शहराला विमान जातं ते शोधा. लेहला दिल्ली. अगत्तीला पूर्वापार कोची. हंगामानुसार इतर शहरांतूनही अगत्तीची विमानं सुरू-बंद होत असतात, म्हणून तारीख टाकून विमान कंपनीच्या साइटवरच तपासा. जुन्या ब्लॉगवर किंवा व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या वेळापत्रकावर बेत आखू नका.

आता तुकड्यांची बेरीज. लेह-दिल्ली ६२१ किलोमीटर, दिल्ली-कोची २,०४४, कोची-अगत्ती ४६७. एकूण ३,१३२. थेट रेघेपेक्षा ४८३ किलोमीटर जास्त, म्हणजे अठरा टक्के वळसा.

पुणेकरांना यातली एक गोष्ट विशेष उपयोगाची आहे. पुणे-दिल्ली १,१५३ आणि दिल्ली-लेह ६२१ मिळून १,७७४ होतात आणि पुणे-लेह थेट अंतर आहे १,७६४. वळसा फक्त दहा किलोमीटरचा! दिल्ली वाटेवरच आहे, त्यामुळे दिल्लीमार्गे लेहला जाताना आपण काहीच गमावत नाही. अगत्तीचं अगदी उलट. थेट ८८१ किलोमीटर, पण कोचीमार्गे ९७३ अधिक ४६७, म्हणजे १,४४०. वळसा त्रेसष्ट टक्क्यांचा, कारण कोची गाठायला आपण अगत्तीच्याही दक्षिणेला जातो आणि मग पश्चिमेला वळतो. वळशाची टक्केवारी काढायची सवय लावून घ्या. पन्नास टक्क्यांच्या वर गेली, की दुसऱ्या एखाद्या शहरातून सोय आहे का हे शोधण्यात अर्धा तास घालवायला हरकत नाही.

प्रत्यक्ष विमानही बृहद्वृत्ताच्या रेघेवर नेमकं उडत नाही. उड्डाणानंतर आणि उतरण्याआधी ठरलेली वळणं असतात, लष्करी हद्दी असतात, गर्दीच्या विमानतळावर घिरट्या असतात. मी पाचेक टक्के जास्त धरते. उंच डोंगरांवर आणखी एक बंधन येतं. केबिनमधला हवेचा दाब गेला तर प्रवाशांच्या मास्कमधला प्राणवायू साधारण बारा ते वीस मिनिटं पुरतो, तेवढ्यात विमानाला दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं. खाली वीस हजार फुटांचे डोंगर असतील तर येणार कुठे? म्हणून हिमालय आणि तिबेटच्या पठारावरून जाणारे मार्ग मोजूनमापून आखलेले असतात.

पाचवी पायरी: हवेतला वेळ

जेटसाठी सोपा नियम: किलोमीटरला ८०० ने भागा आणि अर्धा तास मिळवा. प्रत्यक्ष वेग ८३० च्या आसपास असतो, पण ८०० धरल्याने वाटेतली वळणं भरून निघतात. अर्धा तास चढण्या-उतरण्याचा, कारण तेव्हा विमान पूर्ण वेगात नसतं. एटीआरसाठी ४५० ने भागा आणि वीस मिनिटं मिळवा.

पुणे-दिल्लीवर तपासून बघा. १,१५३ भागिले ८०० म्हणजे १.४४ तास, अधिक अर्धा: एक तास सत्तावन्न मिनिटं. वेळापत्रकात सव्वादोन तासांच्या आसपास दिसेल. मधली मिनिटं जमिनीवरची आहेत. विमानाने दार लावून जागा सोडल्यापासून दुसरीकडे थांबेपर्यंतचा वेळ कंपन्या मोजतात, त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. दिल्लीला उतरल्यावर पंधरा मिनिटं विमान नुसतं चालत राहतं, हे नेहमी जाणाऱ्यांना माहीतच आहे. शिवाय उशीर झाला तरी वेळेत पोचल्याची नोंद व्हावी म्हणून कंपन्या थोडी मिनिटं राखून ठेवतात. म्हणून नियमाने आलेल्या वेळात दहा-पंधरा मिनिटं मिळवलीत की वेळापत्रकाचा आकडा मिळतो.

आपली जोडी: लेह-दिल्ली एक तास सतरा मिनिटं, दिल्ली-कोची तीन तास तीन मिनिटं, कोची-अगत्ती एटीआरने एक तास बावीस मिनिटं. एकूण पाच तास बेचाळीस मिनिटं. वेळापत्रकात हे सहा तासांच्या पुढे जाईल.

वाऱ्याचा हिशोब पूर्व-पश्चिम प्रवासात महत्त्वाचा. हिवाळ्यात उत्तर भारतावर खूप उंचावर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात. दिल्लीहून कोलकात्याला जाताना ते पाठीशी असतात, परतताना समोरून येतात, म्हणून त्याच अंतराला परतीचा वेळ पंधरा-वीस मिनिटांनी जास्त दाखवलेला असतो. लेह-दिल्ली-कोची ही वाट उत्तर-दक्षिण, वारा आडवा, त्यामुळे इथे फारसा फरक पडत नाही.

घड्याळाबद्दल थोडं

भारतात एकच प्रमाणवेळ, त्यामुळे पोचण्याच्या वेळेतून निघण्याची वेळ वजा केली की काम झालं. नेपाळला गेलात तर मात्र पंधरा मिनिटं पुढे. परदेशातल्या जोडीसाठी दोन्ही वेळा आधी यूटीसीमध्ये, म्हणजे जगभरच्या समान आधारवेळेत, आणा, मगच वजाबाकी करा. लाँगइयरब्येनहून हिवाळ्यात दुपारी बाराला विमान निघालं असं समजा, तेव्हा यूटीसी अकरा. ३,३८० किलोमीटरला पावणेपाच तास, म्हणजे यूटीसी पावणेचार. अलास्का यूटीसीच्या नऊ तास मागे. उत्कियाग्विकला घड्याळात सकाळचे पावणेसात वाजलेले असतील, त्याच दिवशीचे! निघालेल्या वेळेच्या आधीच पोचलो असं दिसलं, तर गणित चुकलं असं समजून कागद फाडू नका.

सहावी पायरी: जमिनीवरचा वेळ

दूरच्या टोकांच्या प्रवासात हवेतल्या तासांपेक्षा जमिनीवरचे तास जास्त असतात, आणि हिशोबात नेमके तेच राहून जातात.

पुणे-लेहचंच बघा. हवेत एकूण सव्वातीन तास. आता घरापासून धरा. कोथरूडहून लोहगाव गर्दीच्या वेळी सव्वा तास, येरवडा आणि नगर रस्ता कसा आहे त्यावर. जुलै २०२४ पासून नवं टर्मिनल सुरू झाल्यामुळे आतली दाटी कमी झाली, रस्त्यावरची नाही. देशांतर्गत प्रवासात सामान देण्याचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, तेव्हा दोन तास आधी पोचायचं. दिल्लीत विमान बदलायला किमान तीन तास. लेहला उतरून सामान घेऊन गावात जायला पाऊण तास. बेरीज दहा-साडेदहा तासांवर जाते. लेहची विमानं सकाळची असल्यामुळे पुण्याहून रात्री उशिराचं विमान, दिल्लीत पहाटेपर्यंत बसून राहणं आणि उजाडताना लेहचं विमान, असा क्रम बऱ्याचदा पडतो. वयस्कर माणसं बरोबर असतील तर दिल्लीत रात्रीचा मुक्काम करा. लेहला पोचल्यावर उंचीची सवय व्हायला पहिले दोन दिवस विश्रांतीचे धरायचेच आहेत, तिथे न झोपलेलं शरीर घेऊन जाऊ नये.

दिल्लीत टर्मिनल बदलावं लागतंय का, हे तिकीट काढतानाच बघा. टर्मिनल एक आणि टर्मिनल तीन एकमेकांपासून काही किलोमीटर लांब आहेत, चालत जाता येत नाही. आणि शक्य असेल तिथे सगळा प्रवास एकाच पीएनआरवर घ्या. दोन वेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसरी कंपनी तुमची जबाबदारी घेत नाही. दोन-तीन हजार रुपये वाचवायला काढलेली वेगळी तिकिटं लेह किंवा अगत्तीच्या बाबतीत फार महाग पडू शकतात, कारण पुढचं विमान दोन तासांनी नसतं, दुसऱ्या दिवशी असतं आणि तेही भरलेलं असू शकतं.

लेह-अगत्ती एका दिवसात होईल का, याचं उत्तर आता देता येतं. लेहहून सकाळी निघून दिल्लीमार्गे कोचीला पोचेपर्यंत दुपार उलटते, कदाचित संध्याकाळ होते. अगत्तीचं विमान सकाळचं असेल तर ते त्या दिवशी मिळणार नाही. कोचीत मुक्काम करायचा. म्हणजे पावणेचार तासांची रेघ, पावणेसहा तासांचं उड्डाण आणि दीड दिवसाचा प्रवास.

सातवी पायरी: राखीव दिवस

दोन्ही टोकांना हवामानाचा शब्द शेवटचा असतो. लेहला हिमवृष्टी किंवा खोऱ्यात ढग असले की विमान दिल्लीला परत फिरतं. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं पहाटेची विमानं अडवून ठेवतं, आणि लेहचं विमान उशिरा निघालं तर लेहची सकाळ निघून जाते, मग ते रद्दच होतं. पावसाळ्यात अगत्तीला तीच अडचण. म्हणून आडबाजूच्या प्रत्येक टोकासाठी परतीच्या बाजूला एक दिवस मोकळा ठेवा. लेहहून परतून त्याच रात्री पुण्यात लग्नाला उभं राहायचा बेत करू नये. लक्षद्वीपला जायला प्रवेश परवाना लागतो, तो हातात येईपर्यंत न परतावा मिळणारं तिकीट काढू नका. एटीआरमध्ये सामानाची मर्यादा जेटपेक्षा कमी असू शकते, तीही तिकिटावर वाचून घ्या.

आपल्याकडचा विमानतळही गृहीत धरू नका. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, धावपट्टी त्यांची, आपली नागरी विमानं तिथे वेळा मिळवून उतरतात. १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ या काळात धावपट्टीच्या कामासाठी पुण्याची विमानसेवा पूर्ण बंद होती आणि दिवाळीच्या तोंडावर अनेकांना मुंबई गाठावी लागली. अशा बंदची सूचना आधी जाहीर होते. तिकीट काढण्याआधी विमानतळाच्या नावाने बातम्या एकदा चाळायला पाच मिनिटं लागतात.

सरावासाठी एक जोडी देते. पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम: उत्तर ११.६४१, पूर्व ९२.७३०. दुसरं टोक लेहच ठेवा. ढोबळ रीतीने २,९४० किलोमीटर आणि बृहद्वृत्ताने २,९३७ यायला हवेत. दिल्ली आणि कोलकात्यामार्गे तुकडे जोडले तर ३,२४० च्या आसपास, वळसा दहा टक्के. रेघ पश्चिम नेपाळवरून आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरून जाते. वेळ काढताना एक गोष्ट धरा: अंदमानात डिसेंबरमध्ये आपल्या घड्याळाने पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. उतरल्यावर पुढे हॅवलॉकची, म्हणजे स्वराज द्वीपची, बोट पकडायची असेल तर विमान दुपारी बाराच्या आत उतरणारंच निवडा.